शिवजयंतीला जुन्नर, आणि दगडावरची नावं



संक्रांत झाली. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालूच राहील. पण आमच्या घरांत पोरांनी आत्तापासूनच धोशा लावलाय, यंदा शिवनेरीला न्यायचं म्हणजे न्यायचंच. तुमच्याकडंही तेच चालू असणार. म्हणून आज पाककृती नाही, औषधपाणी नाही. आज आपण १९ फेब्रुवारीच्या जुन्नरच्या जत्रेबद्दल बोलू. जत्रा म्हटलं तर काहींना आवडत नाही, उत्सव म्हणा म्हणतात. पण पाळणे, खेळणी, उसाचा रस, भेळ आणि घोळक्यानं फिरणारी माणसं आली की आम्हाला ती जत्राच वाटते, आणि त्यात महाराजांचा काही अपमान होत नाही.

आदल्या रात्रीपासूनच रस्ते जागे असतात. लांबलांबच्या गावांची पोरं गडावर येतात, ज्योत पेटवतात आणि ती हातात घेऊन आपापल्या गावापर्यंत पळत जातात. सकाळी गडावर पाळणा होतो, मंत्री येतात, ढोल-लेझीम होते, मर्दानी खेळ होतात. २०२३ सालापासून पर्यटन विभागाचा हिंदवी स्वराज्य महोत्सवही याच दिवसांत जुन्नरला भरू लागला. आणि गेल्या जुलैत, म्हणजे २०२५ साली, मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला शिवनेरी आहे. त्यामुळं यंदा गर्दी जास्तच होणार.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पेपरात येतंच. खरं आहे. आम्हाला सांगायचंय ते वेगळं आहे.

आमच्या गटात एक आजी आहेत. सत्तरी कधीच ओलांडली. त्यांच्या शेतातून शिवनेरी समोर दिसतो. लग्न होऊन आल्या तेव्हापासून रोज दिसतो. खुरपताना पाठ दुखली की त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि समोर गड. पण गडावर कधी गेल्या नव्हत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "न्यायचं कुणी? पोरं गेली, नातवंडं गेली, घरी कुणीतरी राहायला पाहिजे ना." आम्ही मोजून पाहिलं. बारा जणींच्या गटात पाच जणी गड न चढलेल्या निघाल्या. या पाचही जणी जुन्नर तालुक्यातल्याच. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या करून येतात आणि पायथ्याच्या बाया वरती जात नाहीत!

म्हणून तीन वर्षांमागं आम्ही ठरवलं, गटानं जायचं. पोरं, सासवा, जावा, सगळ्यांना घेऊन. घरात लगेच प्रश्न सुरू झाले. धारा कोण काढणार? कांदा काढणीला आलाय, त्याचं काय? द्राक्षाच्या बागेतला रोज बुडणार, तो कोण देणार? आणि संध्याकाळी उसाकडनं परत यायचं, बिबट्या आहे. हा शेवटचा प्रश्न खरा होता, त्याला आम्ही मान दिला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, त्याचं कारण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तेव्हा ठरलं, दिवे लागायच्या आत घरी. बाकीच्या प्रश्नांना उत्तर एकच होतं, एक दिवस घरातल्या पुरुषमाणसांनी बघावं. बघितलं त्यांनी. एका घरात म्हैस आटली म्हणून आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं, पण बघितलं.

पहाटे निघालो. फेब्रुवारीतली पहाट आपल्याकडं चांगलीच गार असते. पोरांना कानटोप्या, आजींच्या अंगावर दोन-दोन शाली. भाकरी, ठेचा, आणि एका ताईंनी आदल्या रात्री जागून केलेल्या मासवड्या. गडाच्या पायथ्याला पोचलो तेव्हा उजाडत होतं.

शिवनेरीला एकामागून एक सात दरवाजे आहेत. पोरांनी ते बोटांवर मोजत नेले. दरवाजे लागतात तेव्हा थांबायला कारण मिळतं, आजींना बरं पडतं. पाचवा शिवाई दरवाजा. तिथून बाजूला गेलं की शिवाईचं देऊळ, डोंगराच्या पोटात. त्याच अंगाला जुनी लेणी कोरलेली आहेत, महाराजांच्याही दीड हजार वर्षं आधीची. गर्दीतली निम्मी माणसं देवीला हात जोडून तशीच वर जातात, लेण्यांकडं वळत नाहीत. आम्हीही पहिल्या वर्षी वळलो नव्हतो. त्या लेण्यांत एक लेख आहे. एका यवनानं, म्हणजे ग्रीकांच्या वंशातल्या माणसानं, भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दान दिला असं त्यात कोरलंय. आमच्यातल्या एकीनं ते ऐकलं आणि तिथंच विचारलं, "मांडव त्यानं दिला, पण स्वयंपाक कुणी केला ते लिहिलंय का?" सगळ्या हसल्या. लिहिलेलं नाही.

वरती शिवजन्माची इमारत. १९ तारखेला तिथं आत शिरणं कठीण असतं, पण पाळण्याचा आवाज बाहेर ऐकू येतो. आमच्या आजी भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "बाळंतपणाला जिजाऊ माहेरी का नाही गेली?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आम्ही इतकी वर्षं शाळेत, भाषणांत, नाटकांत कुठंच ऐकला नव्हता. सनावळी आम्ही पाठ केली होती. पण पहिलटकरीण नसली तरी बाई माहेराची आठवण काढतेच, हे आजींना बरोबर सुचलं. याचं उत्तर शोधायला आम्ही वाचनालयात गेलो, एका शिक्षकांना विचारलं. उत्तर असं आहे.

जिजाऊंचं माहेर सिंदखेडचं, जाधवांचं. वडील लखुजी जाधव निजामशाहीतले मोठे सरदार. १६२९ च्या जुलै महिन्यात दौलताबादच्या किल्ल्यात निजामाच्या दरबारात लखुजींना दगा झाला. ते मारले गेले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही मारली गेली. म्हणजे जिजाऊंचे वडील आणि भाऊ, एकाच दिवशी. शिवबांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. महिने मोजा. बाईला दिवस गेलेले आहेत, दुसरा-तिसरा महिना चालू आहे, आणि माहेराहून ही बातमी येते. माहेर राहिलंच नव्हतं म्हणा ना. नवरा, शहाजीराजे, लढायांत. निजामशाहीत राहावं की मोगलांकडं जावं, अशा पेचात. आणि ती स्वतः ज्या किल्ल्यावर होती, तो किल्लाही निजामशाहीचाच, ज्यांनी बापाला मारलं त्यांचा.

मग शिवनेरीच का? कारण गडाचे किल्लेदार विजयराज विश्वासराव. त्यांची मुलगी जयंती ही जिजाऊंच्या थोरल्या मुलाला, संभाजीराजांना, दिलेली. म्हणजे जिजाऊंचं बाळंतपण झालं ते सुनेच्या माहेरी. विहिणीच्या घरात. आपल्याकडं असं कधी होतं का? अगदी नाइलाज असेल तरच होतं. आणि बाळंतपणानंतरची वर्षं कशी गेली? १६३० ला पाऊस पडला नाही. दख्खनात आणि गुजरातेत जो मोठा दुष्काळ पडला तो याच वर्षांतला. त्याच सुमाराला पुणं आदिलशाही फौजेनं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे तान्हं बाळ मांडीवर, बाप-भाऊ गेलेले, खाली मुलखात माणसं अन्नावाचून तडफडताहेत, आणि घर जळालेलं.

गडावर अंबरखाना आहे, धान्याचं कोठार. आता पडलेला आहे, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. गंगा-जमुनाची टाकी आहेत, त्यांत आजही पाणी असतं. आम्ही पोरांना तलवारीआधी ते दाखवलं. दुष्काळात वरती राहिलेल्या बाईला काय लागलं असेल? धान्य आणि पाणी. शिवकुंजात जिजाऊ आणि बाळ शिवबाचा पुतळा आहे, १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाचा. छान आहे. पण तो पुतळा पाहताना जिजाऊंचं वय किती होतं ते लक्षात येत नाही. बत्तीस. आमच्या गटातल्या निम्म्या जणी त्याच वयाच्या.

एक गोष्ट आम्हाला स्वतःला नव्यानं कळली, ती सांगून टाकतो. ज्या गडावर महाराज जन्मले तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. लहानपणी गड सोडला, पुढं तो मोगलांकडं गेला. १६५७ साली महाराजांनी रात्री शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला, घोडे आणि खजिना नेला, पण गड नाही मिळाला. मराठ्यांकडं तो आला तो शाहू महाराजांच्या काळात. पोरांना हे सांगितलं तर एक पोरगं रडवेलं झालं. "म्हणजे त्यांना त्यांचं घर परत मिळालंच नाही?" नाही मिळालं.

आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आपल्या आदिवासी मैत्रिणी ऐकत असतील. त्यांनी गडावर कोळी चौथरा विचारून बघावा. १६५० च्या सुमाराला महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढला आणि पकडलेल्यांची मुंडकी तिथं उडवली, असं सांगतात. कितीजण होते ते सांगणारे वेगवेगळे आकडे सांगतात, ते आम्ही सांगणार नाही. पण त्या चौथऱ्यावर जत्रेच्या दिवशी एखादा हार दिसतो न दिसतो. आणि मागं राहिलेल्या घरांचं काय झालं, त्यांच्या बाया कुठं गेल्या, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. आंबेगावकरांना हे कळेल. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते आंबेगाव डिंभे धरणात गेलं. कागदावर नाव आहे, गाव पाण्याखाली.

गडावरून उतरून जुन्नर शहरात आलो. शहर जुनं, फार जुनं. निजामशाहीची सुरुवात इथूनच झाली, अहमदनगर नंतर वसलं. पेशवाईत जुन्नरी कागदाला मागणी होती, दफ्तरं त्यावर लिहिली जायची. शहराबाहेर सौदागर घुमट आहे, बघायला चांगला आहे. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्ही त्यातलं काहीच बघितलं नाही, कारण आमचं एक पोर हरवलं.

चार वर्षांची मुलगी. खेळण्याच्या दुकानाशी हात सुटला आणि गर्दीत गेली. अर्धा तास आमच्या जिवात जीव नव्हता. मग भोंग्यावर आवाज आला. कुणीतरी तिला मांडवात नेऊन बसवली होती. तिला वडलांचं नाव विचारलं, सांगता येईना. आडनाव विचारलं, तेही नाही. ती एकच सांगत होती, आईचं नाव. भोंग्यावरून आईचं नाव पुकारलं गेलं, नुसतं नाव, पुढंमागं काही नाही. तिची आई पळत गेली. नंतर आम्हाला म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझं नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं."

पुढच्या वर्षी आम्ही शहाणपणा केला. गडावरून लवकर उतरलो आणि दुपारच्या गर्दीत न थांबता लेण्याद्रीला गेलो. जुन्नरपासून जवळच आहे. पायऱ्या तीनशेच्या आसपास, सावली मध्येमध्येच, माकडं भरपूर. हातातली पिशवी सांभाळा. वरती गिरिजात्मज. अष्टविनायकांतला हा गणपती आईच्या नावानं ओळखला जातो, गिरिजेचा आत्मज, पार्वतीचा लेक. तिनं इथं तप केलं आणि त्याला मिळवलं अशी कथा आहे. आणि बघा, ज्या सातवाहन राजांच्या काळात जुन्नरच्या डोंगरांत लेणी कोरायला लागले, त्यांच्यातले पुढचे राजेही आपल्या आईचं नाव लावायचे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नाशिकच्या लेण्यांत मोठा लेख कोरवून ठेवलाय. मुलाच्या पराक्रमाचं वर्णन आहे त्यात, पण लेणं दान देणारी ती आहे.

जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त लेणी आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा. गणपती बसलाय ते मूळचं बौद्ध भिक्षूंचं विहार. या लेण्यांत छोटे छोटे लेख आहेत, ब्राह्मी लिपीत. आपल्याला वाचता येत नाहीत, पण अभ्यासकांनी वाचलेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या डॉ. शोभना गोखले यांनी असे लेख वाचण्यात आयुष्य घातलं. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतले लेख त्यांनी वाचून पुस्तकात आणले. बाई असून दगड वाचते, असं त्यांनाही कुणी म्हटलं असेल का, असं आम्हाला वाटून गेलं.

हे लेख राजांचेच असतील असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नाही. जुन्नरच्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची टाकी दिली, असं आहे. श्रेणी म्हणजे काय? एका धंद्यातल्या माणसांचा गट. दुसऱ्या एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या बुरुडांच्या, श्रेणीकडं आणि कासारांच्या श्रेणीकडं ठेव ठेवल्याची नोंद आहे. दर महिन्याला किती, तेही कोरलंय. त्यातला बुरुडांच्या ठेवीचा आकडा त्या काळच्या भाषेत 'पाउणदुक' असा आहे. पावणेदोन! आपल्या बाजारात आजही म्हणतात तोच शब्द, दगडावर. आणखी एकानं करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी जमिनीचं उत्पन्न श्रेणीच्या हाती दिलं. दान देणाऱ्यानं पैसे राजाकडं नाही ठेवले, गटाकडं ठेवले. गट टिकेल, व्याज देत राहील, असा भरवसा होता म्हणून.

हे ऐकल्यावर आमच्या खजिनदार ताई ज्या खूश झाल्या, काय सांगू. बँकेत खातं उघडायला गेलो तेव्हा बायांचा गट पैसे परत करेल का, असं आम्हाला विचारलं गेलं होतं. ताई म्हणाल्या, "त्या साहेबांना लेण्याद्रीला न्यायला पाहिजे होतं."

जुन्नर शहरात भिक्खुणींचा उपाश्रय होता, असाही एका लेखात उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांमागं या गावात बायका एकत्र राहत होत्या, शिकत होत्या, आणि त्यांच्या चरितार्थाची सोय लोक करत होते. आणि आपल्याच जिल्ह्यात, मावळातल्या बेडसे लेण्यात, पाण्याच्या टाकीवर एका बाईचं नाव आहे. सामडिनिका. महारठिणी होती ती. बापाचा आणि नवऱ्याचाही उल्लेख आहे, पण नाव तिचं स्वतःचं.

टाकी म्हटलं की आम्हाला आमची टाकी आठवते. ते जरा पुढं सांगतो.

नाणेघाटाला मात्र जत्रेच्या दिवशी जाऊ नका, वेगळा दिवस काढा. घाटघर गावाच्या पुढं, जीवधनच्या पायथ्याशी. जुन्नरपासून तासाभराहून जास्त लागतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल वर यायचा तो या वाटेनं. बैल, गाढवं, माणसं. तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, जकातीचे पैसे टाकायचा म्हणून दाखवतात. आणि वाटेतच एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर लेख. राणी नागनिकेचा.

नागनिका सातवाहन राजा सातकर्णीची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिनं कारभार पाहिला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. लेखात यज्ञ किती केले, दक्षिणा काय दिली याची यादी आहे. गाई हजारांनी, घोडे, हत्ती, गावं, कार्षापणं. आकड्यांसकट. भारतातले फार जुने लिहिलेले आकडे या गुहेत आहेत, आज आपण वहीत लिहितो त्यांतल्या काही आकड्यांचे पूर्वज. म्हणजे आपल्या तालुक्यातली ही हिशेबाची वही, तीसुद्धा बाईनं लिहवून घेतलेली. तिनं महिनाभराचे उपास केले, घरात राहून तापसीसारखी राहिली, असंही लेखात आहे. हे वाचून आमच्यात जरा वाद झाला. एक म्हणाली, राणी असून विधवेनं उपासच करायचे का? दुसरी म्हणाली, उपास केले म्हणून लोकांनी तिचं राज्य ऐकून घेतलं असेल. दोघींचंही आम्हाला पटलं.

गुहेच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. मूर्तींच्या वर नावं कोरलेली होती. एका ठिकाणी राजा आणि राणी जोडीनं आहेत. तिथं आधी नाव आहे देवी नायनिकेचं, मग राजा सातकर्णीचं. मूर्ती गेली, नाव राहिलं.

मैत्रिणींनो, आता आमची टाकी. आमच्या वस्तीवर पाण्याची टाकी झाली त्याला पाच वर्षं झाली. सगळा पैसा काही आमचा नव्हता, योजनेचा होता. पण कमी पडलेली रक्कम आमच्या गटानं घातली आणि पायाचं खोदकाम आम्ही केलं. दोन आठवडे, रोजंदारी बुडवून. टाकीला पाटी लागली, संगमरवरी. तिच्यावर सात नावं आहेत. बाईचं एकही नाही, गटाचंही नाही. त्यावेळी आम्हाला काही वाटलं नाही. पाणी आलं ना, झालं. नाणेघाटातून परत आलो त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकीच्या मुलीनं, सातवीत आहे ती, टाकीसमोर उभं राहून विचारलं, "आई, तुझं नाव कुठाय?"

त्या दिवसापासून आम्ही पाटीचा विषय काढलाय. काहीजण म्हणतात, नावासाठी काम केलं का? आम्ही म्हणतो, नाही केलं. पण नावासाठी केलं नाही म्हणून त्या सातजणांची नावं कोरायची थांबली का? एक सदस्य म्हणाले, पाटी बदलायला खर्च येतो. आम्ही म्हटलं, खर्च आम्ही देतो, आधीसारखाच.

असो. आता यंदाच्या जाण्याचं बोलू.

ज्यांना यायचंय त्यांनी आपापल्या गटात आधी घरची सोय लावा. धारा, लहान बाळ, म्हातारी माणसं. ज्या घरात अडचण असेल तिथं शेजारच्या गटातल्या दोघी मागं राहतील आणि पुढच्या वर्षी त्या जातील, अशी पाळी आम्ही लावलीय. पाळी कागदावर लिहा, नाहीतर दरवर्षी त्याच दोघी मागं राहतात. एसटी जास्त सुटतात, पण १९ तारखेला दुपारी परतीच्या गाडीला झुंबड असते. सकाळी सहाच्या आत पायथा गाठा. गडावर पाणी आणि अंबरखाना आधी दाखवा, मग तलवार-ढाल. पाळीच्या दिवसांत असाल तरी या, गडावर कुणी विचारत नाही. कपडा मात्र बरोबर ठेवा, कारण वरती सोय कमी असते. आजींना शिवाई दरवाज्यापर्यंत नेलं तरी खूप झालं, आमच्या आजी मात्र वरपर्यंत गेल्या आणि दरवर्षी जातात.

लहान पोरांच्या खिशात चिठ्ठी घाला. गाव, फोन नंबर, आणि आईचं नाव. पोराला पाठही करून घ्या.

दुपारी तीनला जुन्नर सोडायचं. उसाच्या रस्त्यानं अंधारात यायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

आणि पाटीचं सांगायचं राहिलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही तो विषय घेतोय. आधी महिला ग्रामसभा होईल, तिथं ठराव करून मग पुढं. तुमच्या गावात अशी टाकी, असा रस्ता, असं सभागृह असेल, तर जाऊन पाटी वाचून या आणि त्यावर काय आहे ते रेडिओच्या पत्त्यावर कळवा. आमच्या ग्रामसभेत काय झालं ते महोत्सवानंतरच्या बोलण्यात सांगू.